वस्तऱ्याच्या धारेसाठी महागडे नैसर्गिक दगड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत घरी वस्तऱ्याने दाढी करणारे थोडेच आहेत. पण जे आहेत त्यांच्यापुढे वर्ष-दीड वर्षात एक प्रश्न हमखास उभा राहतो. हाताशी असलेला दगड पुरेसा आहे, की बेल्जियम किंवा जपानमधील खाणीतला दगड मागवावा? या प्रश्नाभोवती जे जे विचारले जाते, त्याची उत्तरे खाली दिली आहेत.

येथे नेमका कोणता वस्तरा अभिप्रेत आहे?

ज्याचे पाते अखंड पोलादाचे असते, जे मुठीत दुमडून ठेवता येते आणि ज्याची धार गेली की ती दगडावर पुन्हा आणावी लागते, तो पारंपरिक वस्तरा. आज सलूनमध्ये जो वस्तरा दिसतो, त्यात दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे तो टाकून देतात. रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांचा विचार करता हा बदल योग्यच होता. पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याबरोबर दगड आणि चामड्याचा पट्टा असायचाच. आता हे तिन्ही जिन्नस एकत्र दिसतात ते हौशी माणसाच्या कपाटात.

महागडा नैसर्गिक दगड घेणे योग्य ठरते का?

पहिला दगड म्हणून मुळीच नाही, आणि दुसरा किंवा तिसरा म्हणूनही नाही. ज्याला साध्या कृत्रिम दगडांवर चेहऱ्याला न ओरबाडणारी धार दर वेळी आणता येते, त्याला हौस म्हणून असा दगड घ्यायला हरकत नाही. ज्याला ती येत नाही, त्याला जपानमधील नाकायामाच्या खाणीतला लाखभर रुपयांचा दगडही ती आणून देणार नाही.

धार लावताना दगड नक्की काय करतो?

हे समजून घेतले तर पुढचा बराच गोंधळ टळतो. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची जाड पाठ आणि पातळ धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात; त्यामुळे धारेचा कोन आपल्या मनगटावर नव्हे, तर पात्याच्या घडणीवर ठरतो. पाठीची जाडी ५ मिलिमीटर आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १८ मिलिमीटर असेल, तर दोन्ही बाजूंचा मिळून कोन सुमारे १६ अंश येतो. पाठीवर इन्सुलेशन टेपचा एक थर चिकटवला तर तो साधारण एका अंशाने वाढतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला हाताने कोन धरून ठेवावा लागतो. वस्तऱ्याला तो त्रास नाही.

धारेच्या दोन्ही बाजूंना जे अरुंद, चकचकीत उतार तयार होतात त्यांना बेव्हल म्हणतात. हे दोन उतार पात्याच्या टोकापासून टाचेपर्यंत, मध्ये कोठेही खंड न पडता एकमेकांना भेटले पाहिजेत. हे काम १००० ग्रिटच्या दगडावर होते (ग्रिट म्हणजे दगडातल्या कणांच्या बारीकपणाचा क्रमांक; आकडा जितका मोठा तितका कण बारीक) आणि सगळी दाढी त्यावर अवलंबून असते. त्यापुढचे दगड केवळ आधीच्या दगडाने पाडलेले चरे अधिक बारीक चऱ्यांनी पुसत जातात. महागडा नैसर्गिक दगड जवळजवळ नेहमी या साखळीतला शेवटचा दगड असतो. उतार भेटलेच नसतील, तर त्याच्या हाती पुसायलाही काही उरत नाही. पाते ओढले जाते, जळजळ होते अशा तक्रारी बहुतेक वेळा १००० च्या दगडावर अर्धवट सोडलेल्या कामाच्या असतात आणि दोष मात्र शेवटच्या दगडाला दिला जातो.

नैसर्गिक दगड म्हणजे कोणते, आणि ते इतके महाग का?

वस्तऱ्याच्या संदर्भात चार नावे वारंवार येतात.

बेल्जियममधील आर्देन भागात, व्हिएलसाल्म गावाच्या परिसरात, पिवळसर कोटिक्युल मिळतो. या दगडात गार्नेट या कठीण खनिजाचे सूक्ष्म स्फटिक भरलेले असतात आणि धार लावण्याचे काम तेच करतात. त्यांचा आकार साधारण ५ ते १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सांगितला जातो, म्हणजे कागदावर पाहिले तर तो फारसा बारीक नाही. पण त्या स्फटिकांचे कोपरे बोथट असल्यामुळे त्यांचे चरे उथळ पडतात. या दगडाचे थर फार पातळ असतात, म्हणून त्याच्या पाठीला बहुधा दुसरा दगड आधार म्हणून जोडलेला असतो. खाणकाम आजही थोड्या प्रमाणात चालू आहे आणि जवळच्या साल्मशातो येथे या दगडाचे संग्रहालयही आहे.

जपानमध्ये क्योतो शहराच्या पश्चिमेकडील डोंगरांतून निघणारे दगड सर्वांत महाग. नाकायामा ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध खाण. समुद्रतळाशी साचलेल्या अतिसूक्ष्म सिलिकायुक्त गाळापासून हे दगड बनले. तेथील बहुतेक खाणी बंद पडल्या असल्याने बाजारात फिरतो तो मुख्यतः जुना साठा. जर्मनीतील थुरिंगिया भागातल्या दगडांचीही तीच गत आहे. एशर या व्यापाऱ्याचे जुने कागदी लेबल अजून चिकटलेले असेल, तर त्या लेबलापायीच भाव चढतो, जरी दाढी करताना त्याचा काडीचा उपयोग नसतो. चौथा म्हणजे अमेरिकेतील आर्कान्सॉचा नोव्हाक्युलाइट. जवळजवळ शुद्ध सिलिकाचा हा दगड अतिशय कठीण आणि अतिशय संथ असतो, तेलावर वापरला जातो, आजही खणला जातो आणि वरील तिघांच्या मानाने स्वस्त असतो.

म्हणजे किंमत ठरते ती खाण बंद आहे की चालू, दगड केवढा आहे, त्यात भेगा किंवा बाहेरच्या खनिजाच्या रेषा आहेत का, आणि त्यावर कोणाचा शिक्का आहे यावरून. शिक्का नंतरही उमटवता येतो, हे खरेदी करणाऱ्याने विसरू नये. धारेची गुणवत्ता या यादीत फार खाली येते, आणि ती छायाचित्रात दिसतही नाही.

कृत्रिम दगड त्यांच्यापेक्षा वेगळे कशात असतात?

एडवर्ड अॅचेसन या अमेरिकी संशोधकाने १८९१ मध्ये सिलिकॉन कार्बाइड तयार केले आणि त्यापाठोपाठ कृत्रिम अॅल्युमिनियम ऑक्साइडही आले; तेव्हापासून धार लावणारा कण कारखान्यात हव्या त्या आकाराचा बनवता येऊ लागला. आपल्याकडेही हा उद्योग नवा नाही. उरणजवळच्या मोरा येथे ग्राइंडवेल नॉर्टनचा कारखाना अनेक दशकांपासून आहे. कृत्रिम दगडाचे मोठेपण त्याच्या सातत्यात आहे. शॅप्टन या जपानी कंपनीच्या ग्लासस्टोन मालिकेतील ८००० ग्रिटच्या दगडाचा कण १.८४ मायक्रॉनचा आणि १६००० चा ०.९२ मायक्रॉनचा असतो, आणि आज घेतलेला दगड पाच वर्षांनी घेतलेल्या दगडासारखाच वागतो. एका खाणीतले, एका थरातले दोन नैसर्गिक दगडही तसे वागतील याची हमी कोणी देत नाही.

मात्र ग्रिटचा आकडा सर्व कंपन्यांचा सारखा नसतो. नॉर्टनचा ८००० साधारण ३ मायक्रॉनचा मानला जातो, त्यामुळे केवळ आकडे जुळवून दोन दगडांची तुलना करणे चुकीचे ठरते. नैसर्गिक दगडाला तर ग्रिट नसतेच. विक्रेत्याने ‘हा १५००० चा’ असे सांगितले तर तो त्याचा अंदाज समजावा.

‘नैसर्गिक दगडाची धार चेहऱ्याला मऊ लागते’ असे जाणकार सांगतात. यात तथ्य आहे का?

आहे, पण जेवढे सांगितले जाते तेवढे नाही. सिलिकाचा कण वस्तऱ्याच्या कडक केलेल्या पोलादापेक्षा थोडासाच कठीण असतो, तर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा कण त्या पोलादाच्या दुपटीहून अधिक कठीण असतो. त्यामुळे जपानी किंवा आर्कान्सॉच्या दगडाचे चरे उथळ आणि कडांना गोलसर राहतात, तर बारीक कृत्रिम दगडाचे चरे स्वच्छ आणि खणखणीत पडतात. पहिल्या धारेला लोक मऊ म्हणतात, दुसरीला तीक्ष्ण. जपानी दगडावर छोट्या नागुरा दगडाने घासून जो पाणीदार गाळ, म्हणजे स्लरी, काढतात, ती काम करता करता पोलादाने करडी होत जाते आणि तिच्यातले कणही विरत जातात. हा परिणाम कृत्रिम दगडावर हुबेहूब मिळत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

पण मऊपणा मिळवण्याचे दुसरे मार्गही आहेत, आणि ते स्वस्त आहेत. १२००० च्या दगडानंतर हिरव्या क्रोमियम ऑक्साइडची अर्ध्या मायक्रॉनची पेस्ट लावलेल्या पट्ट्यावर पाते काही वेळा फिरवले, की कृत्रिम दगडाचा तो टोकदारपणा बराचसा उतरतो. हाताचा दाब कमी केला तरी उतरतो. दाढीआधी केस गरम पाण्याने पुरेसे भिजवले, तर उरलेला फरक ओळखणे बहुतेकांना कठीण जाते.

ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने एकाच बनावटीचे दोन वस्तरे घ्यावेत, दोन्हींचे बेव्हल एकाच दगडावर बसवावेत, शेवट मात्र एकाचा नैसर्गिक आणि दुसऱ्याचा कृत्रिम दगडावर करावा. मग घरातील कोणाला तरी मुठींवर खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवायला सांगून, कोणता कोणता हे न विचारता, गालाच्या दोन बाजूंवर आठवडाभर आलटून पालटून वापरावेत. खर्चाचा निर्णय त्यानंतर घ्यावा. अर्थात यासाठी नैसर्गिक दगड कोणाकडून तरी उसना मिळवावा लागतो, आणि अशी मंडळी आपला दगड सहजासहजी हातचा सोडत नाहीत!

मग सुरुवात करणाऱ्याने काय घ्यावे?

१००० चा एक दगड, ४००० आणि ८००० अशा दोन बाजू असलेला एक जोडदगड, आणि पुढे हात बसला की १२००० चा एक. नानिवा, शॅप्टन, सुएहिरो, नॉर्टन यांपैकी जे रास्त दरात मिळेल ते चालते. यावर महिनाभर वाद घालण्यात अर्थ नाही.

याहून स्वस्त मार्ग लॅपिंग फिल्मचा. अॅल्युमिनियम ऑक्साइडचे एकसारखे कण बसवलेल्या या प्लास्टिकच्या पातळ चादरी १२, ९, ५, ३, १ आणि ०.३ मायक्रॉन अशा मापांत मिळतात. काचेच्या दुकानातून १० किंवा १२ मिलिमीटर जाडीच्या फ्लोट काचेचा तुकडा कडा घासून घ्यावा, त्यावर पाणी शिंपडून फिल्म पसरावी आणि खालची हवा पुसून काढावी. फिल्म जागेवर बसते. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टूलरूममध्ये काम केलेल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. १ मायक्रॉनच्या फिल्मवर नीट संपवलेला वस्तरा उत्तम दाढी करतो. फिल्म झिजते आणि पुन्हा घ्यावी लागते, हा तिचा दोष. पण बेव्हल बसवणे शिकेपर्यंत महागडा दगड खराब होण्याची धास्ती नाही, हा गुण मोठा आहे.

पारसिकच्या डोंगरातला काळा दगड किंवा घरातली सहाण चालेल का?

नाही. आपल्या भागातला काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात वेगवेगळ्या कठीणतेची खनिजे एकमेकांत घट्ट अडकलेली असतात आणि पुष्कळदा वायूच्या पोकळ्याही असतात. जात्याला आणि पाट्या-वरवंट्याला हाच खडबडीतपणा उपयोगी पडतो. तो गुळगुळीत झाला की टाकी लावून परत आणावा लागतो. वस्तऱ्याच्या धारेला मात्र एकसारखा, अतिसूक्ष्म कणच लागतो. सहाणेवर चंदन उगाळावे आणि फार तर विळा पाजवावा.

परदेशातून दगड मागवताना कोणता खर्च लक्षात येत नाही?

सीमाशुल्क केवळ दगडाच्या किमतीवर लागत नाही. वाहतूक आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर ते आकारले जाते, आणि त्या बेरजेवर पुन्हा वस्तू व सेवा कर लागतो. दगड जड असल्याने वाहतूक आधीच महाग पडते. त्यात कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क वेगळे. म्हणून मोठा दगड पाहून हुरळून जाऊ नये. वस्तऱ्याचे पाते जेमतेम ७५ मिलिमीटर लांब असते. सुरीसाठी बनवलेला २०० बाय ७५ मिलिमीटरचा दगड त्याला आवश्यक नाही. कोटिक्युलचे वेडेवाकडे कापलेले लहान तुकडे आयताकृती दगडांपेक्षा बरेच स्वस्त मिळतात आणि काम तेच करतात. माझ्या मते ज्याला नैसर्गिक दगडाची चव घ्यायचीच आहे त्याने असा एक तुकडा घ्यावा आणि तेथे थांबावे.

नैसर्गिक दगडही सपाट करावा लागतो का?

होय, आणि नवा आला तेव्हाच. काचेवर २२० किंवा ४०० क्रमांकाचा वॉटर पेपर ओला करून पसरावा, दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा माराव्यात आणि रेघा पूर्ण जाईपर्यंत दगड घासावा. मध्ये रेघ शिल्लक असेल, तर तेथे खळगा आहे. कडा किंचित गोल करून घ्याव्यात, नाहीतर पात्यावर ओरखडा येतो. क्योतोचे दगड पाण्यात बुडवून ठेवू नयेत. ते थरांवर फुटण्याची भीती असते, म्हणून त्यांच्या बाजूंना लाखेसारखा लेप देतात.

धार पुरेशी झाली हे कसे ओळखावे?

बेव्हलवर मार्कर पेनने रेघ ओढून दोन हात मारावेत. शाई अगदी धारेपर्यंत पुसली गेली नाही, तर दगड धारेला लागलेलाच नाही. पुढच्या दगडांवर पाण्याकडे पाहावे. पाते पुढे सरकताना धारेपुढची पाण्याची पातळ रेघ पात्यावर चढू लागली, तर धार दगडाला नीट चिकटून चालली आहे. जेथे पाणी धारेखालून निसटते ती जागा अजून कच्ची आहे. डोक्याचा केस लटकता धरून कापून पाहण्याची परीक्षा लोकप्रिय असली, तरी प्रत्येकाच्या केसाची जाडी निराळी असल्याने ती फक्त आपली आपल्याशी तुलना करायला बरी.

चांगल्या दगडावरची धार जास्त दिवस टिकते का?

शेवटचा दगड कोणता, यावर टिकाऊपणा फारसा ठरत नाही. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाढीच्या ब्लेडवर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असूनही तो पात्याशी विशिष्ट कोनात वाकला आणि पोलादाच्या रचनेत त्या जागी असमानता असली, तर धारेचा सूक्ष्म टवका उडू शकतो. तो अभ्यास वस्तऱ्यावर नव्हता, तरी त्यातून निघणारी दिशा येथेही लागू पडते. पोलादाचा दर्जा, दाढीचा कोन, केसांचा ओलेपणा आणि दाढीआधी पट्ट्यावर पाते नीट फिरवणे, यांवर टिकाऊपणा ठरतो. पट्ट्यावर पाते नेहमी पाठ पुढे ठेवून ओढावे; धार पुढे गेली तर पट्टा कापला जातो.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर कार्बन पोलादाला एका रात्रीत तांबडे ठिपके येतात, आणि धारेवर पडलेला ठिपका म्हणजे पुन्हा १००० चा दगड. पाते मऊ कागदाने पुसावे, पंख्याखाली थोडा वेळ उघडे ठेवावे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने लावावा. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नये. पट्टा कोंदट कपाटात ठेवल्यास त्यावर बुरशी धरते. तो टांगून ठेवावा. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास पात्यावर क्षारांचे डाग राहतात, म्हणून शेवटी नळाच्या पाण्याने किंवा पिण्याच्या पाण्याने विसळावे.

सोसायटीत येणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा द्यावा का?

कात्र्या आणि सुऱ्या जरूर द्याव्यात. वस्तरा देऊ नये. त्याच्या फिरत्या चाकावर ठिणग्या उडतात, म्हणजे तेथे पोलाद भलतेच तापते, आणि वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की ती उष्णता वाहून न्यायला तिच्यामागे धातूच नसतो. धारेला निळसर झाक आली की तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेले असते. तो भाग घासून टाकण्यावाचून उपाय नाही. शिवाय चाकावर पाठ आणि धार एकाच वेळी टेकत नाहीत, त्यामुळे मूळ कोनही जातो.

स्वतःला बेव्हल बसवायचा नसेल, तर जो हौशी किंवा कारागीर सपाट दगडावर हाताने काम करतो त्याच्याकडूनच तो एकदा बसवून घ्यावा. देण्यापूर्वी तो १००० च्या पायरीला कोणता दगड वापरतो आणि बेव्हल पूर्ण झाल्याची परीक्षा कशी करतो, एवढे दोन प्रश्न विचारावेत. अशा वस्तऱ्याची धार पुढे मंदावली की १२००० च्या दगडावर किंवा १ मायक्रॉनच्या फिल्मवर हलक्या हाताने काही फेऱ्या पुरतात. बेव्हल पुन्हा बसवण्याची वेळ पाते पडले, टवका उडाला किंवा गंजले तरच येते.